हात बरा होईपर्यंत

मालिशच्या वर्गात पहिल्याच दिवशी बेकरीकाकांनी सराव म्हणून एका मुलीची पाठ अशी काही मळली, की ती बिचारी पुढचे दोन दिवस भिंतीला टेकायलासुद्धा तयार नव्हती. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, काका, तुम्ही याआधी काय करत होता? काका म्हणाले, पाव. बाई "तरीच" म्हणाल्या, सगळा वर्ग हसला आणि त्या दिवसापासून त्यांचं नाव बेकरीकाका पडलं.

काकांचा दोष म्हणाल तर एवढाच, की त्यांना दुसरं काही येत नव्हतं. उभा जन्म बेकरीत गेला होता. मैद्याचा गोळा मळायचा, दुमडायचा, उलटायचा, पुन्हा फळीवर आपटायचा. मग मालकाने पीठ मळायचं यंत्र आणलं. ते यंत्र चहा मागत नव्हतं आणि त्याची कंबरही धरत नव्हती, त्यामुळे मालकाला ते काकांपेक्षा फार आवडलं. पन्नाशी उलटलेला माणूस घरी बसला. रोजगार कार्यालयातल्या बाईंनी शिकण्यासारखी कामं वाचून दाखवली, त्यात आखडलेले स्नायू मोकळे करण्याची मालिश होती. हाताचंच काम आहे, हात तर आपल्याकडे आहेत, असं म्हणून काकांनी बोट ठेवलं. पास झाले तर मोठ्या रुग्णालयात व्यायामोपचाराच्या विभागात नोकरी ठरल्यासारखी होती. नापास झाले तर पुन्हा घर, आणि चपलांच्या दुकानात दिवसभर लोकांच्या पायांशी वाकणाऱ्या बायकोच्या पगारावर दोघांनी जगायचं. काकांना झोपेत घाम फुटायचा तो याच विचाराने.

वर्गातल्या मुली पोटच्या पोरी शोभतील अशा होत्या. त्यांची बोटं पहिल्यापासून हलकी. काकांचा पंजा म्हणजे फावडं. बाई त्यांच्या मनगटाला धरून पुन्हा पुन्हा सांगायच्या, की आधी अख्खा तळवा ठेवा, तेल लावून लांब हात फिरवा, शरीराला ऊब येऊ द्या. मग बोटांनी शोधा. आखडलेला स्नायू दोरीसारखा लागतो आणि त्या दोरीत कुठेतरी वाटाण्याएवढी गाठ असते. तिच्यावर अंगठा टेकवा, माणूस "हं, इथंच" म्हणेल एवढाच दाब द्या आणि थांबा. काकांचं घोडं पेंड खायचं ते इथेच. थांबणं म्हणजे काय हे त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. पाव फुगायची वाट बघताना ते दुसरा घाणा मळायला घ्यायचे.

"काका, गाठ फोडायची नसते," बाई म्हणायच्या. "ती सुटायची वाट बघायची असते."

या वर्गाचा एक नियम होता. प्रत्येकाने घरातलं किंवा ओळखीचं एक जुनं दुखणं धरायचं आणि सत्रभर त्या एकाच माणसावर काम करायचं. सुरुवातीला त्या माणसाचं मोजमाप व्हायचं, शेवटी बाहेरून परीक्षक येऊन पुन्हा मोजायचे. तोंडी कितीही पाठ असो, तुमच्या हातांनी काय केलं ते त्या शरीरावर दिसलं पाहिजे, नाहीतर पुन्हा बसा.

आता आलं का संकट! काका तेलाची बाटली घेऊन माणूस शोधायला निघाले आणि माणसं पसार झाली. बायको म्हणाली, मला तुमच्याशी संसार करायचाय अजून. शेजारचा वायरमन मोठ्या उत्साहाने आला आणि शर्ट हातात घेऊनच पळाला. मेहुणा दूर दुसऱ्या गावी होता, तो फोनवर म्हणाला की इतकी वर्षं लांब राहिल्याचं आज चीज झालं. शेवटी घरात एकच माणूस उरलं, ज्याला पळून जायला जागा नव्हती. त्या म्हणजे सासूबाई.

सासूबाई त्यांच्या गावी स्वतःच्या घरात एकट्या राहत. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. पडदे लावताना त्या स्टुलावरून पडल्या आणि उजवा हात जायबंदी झाला. डॉक्टरांनी फोटो काढले, हाड शाबूत होतं. पण हात खांद्यापर्यंत यायच्या आतच अडायचा, वर म्हणून जायचा नाही. स्नायू आखडलेत, मोकळे करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. दुखणं येतं हत्तीच्या पावलाने आणि जातं मुंगीच्या पावलाने. यांची मुंगी तर जागेवरून हलायलाच तयार नव्हती. मग मेहुण्याने त्यांना गाडीत घातलं आणि लेकीकडे आणून सोडलं, हात बरा होईपर्यंत.

काकांचं घर दोन खोल्यांचं. आतली खोली आणि तिच्यातली खाट सासूबाईंना गेली, नवराबायको बाहेर जमिनीवर आले. सासूबाई स्वाभिमानी. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, की मी इथं ठाण मांडायला आलेले नाही, हात बरा झाला की माझी मी माझ्या घरी. हे वाक्य त्या रोज एकदा तरी म्हणायच्या. आणि काकांना, खोटं कशाला बोला, ते ऐकायला बरं वाटायचं. जमिनीवर झोपून त्यांची पाठ पार कामातून गेली होती.

जावयाने सासूच्या खांद्याची मालिश करायची, हे दोघांनाही अवघड. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, आता तो खांद्यावरच बसणार म्हणायचा, असं सासूबाई लेकीला म्हणाल्या, तेही जावयाला ऐकू जाईल अशा बेताने. पहिल्या दिवशी बायको मध्ये पंच म्हणून बसली. सासूबाई खुर्ची उलटी फिरवून खुर्चीच्याच पाठीवर छाती टेकून बसल्या, अंगावर पातळ चादर. काकांनी तळवा ठेवला तर खांदा लाकडासारखा. "बापू, पाव नाही करायचा," सासूबाई जावयाला म्हणाल्या. काकांनी हात असा काढून घेतला, जणू चटका बसला.

पण माणूस चिकट होता. नोकरीचा प्रश्न होता ना. रोज वर्गातून आले की हात धुवायचे, तळवे एकमेकांवर चोळून गरम करायचे आणि खुर्चीमागे उभं राहायचं. आधी मानेपासून दंडापर्यंत लांब हात. मग खांद्यामागच्या चपट्या हाडावर, फऱ्यावर, बोटांनी शोध. सासूबाईंचं दुखायचं दंडाच्या पुढच्या बाजूला, म्हणून पहिले काही दिवस काका तिथेच झटत राहिले आणि दोघांनाही त्याचा वीट आला. बाईंनी सांगितलं की बोंब एका घरी आणि चोर दुसऱ्या घरी, असंही होतं, मागे बघा. काकांनी मागे फऱ्याच्या मधोमध अंगठा टेकवला मात्र, सासूबाई म्हणाल्या, अगोबाई, हे तर पुढे दंडात कळ येतेय. गाठ सापडली. त्या दिवशी काकांना भट्टीतून पहिला पाव काढल्यावर झाला होता तेवढा आनंद झाला.

मग त्या गाठीशी त्यांचं रोजचं बसणं सुरू झालं. अंगठा ठेवायचा, हळू दाब वाढवायचा आणि थांबायचं. आणि नुसतं थांबायचं म्हणजे तोंडाने काय करायचं? म्हणून गप्पा सुरू झाल्या. सासूबाईंनी सासऱ्यांच्या सांगितल्या. ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि घरातलं एकही घड्याळ बरोबर चालायचं नाही. काकांनी बेकरीच्या सांगितल्या. एकदा साखरेऐवजी मीठ पडलं होतं आणि मालकाने ते "खास" म्हणून विकलं होतं. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांचा खांदा काकांच्या अंगठ्याखाली अचानक बोटभर खाली आला. काकांना तेव्हा कळलं की थांबणं म्हणजे काय. बायकोने पंचगिरी सोडून दिली. पुढेपुढे तर काका घरी येतात तो सासूबाई खुर्ची फिरवून तयार असायच्या. कधी काकांचं लक्ष नसलं तर त्यांनाच कळायचं, "आज कुठे हरवलात" असं त्या विचारायच्या, आणि वर्गातल्या कुठल्याही परीक्षेपेक्षा काकांना त्या प्रश्नाची धास्ती जास्त होती.

आणि उत्साह वाढवायला म्हणून काका रोज शेवटी एक वाक्य म्हणायचे.

"हात वर गेला की सुटलात, आई. मग तुमचं घर आणि तुम्ही."

सासूबाई मान हलवायच्या. फोनवर मेहुणाही तेच विचारायचा, गेला का हात वर, सांग म्हणजे न्यायला येतो. सगळे मिळून म्हातारीला धीर देत होते.

गंमत अशी, की स्नायू सैल पडला होता. काका आता बोटांवर विश्वास ठेवायला शिकले होते. ती दोरी मऊ झाली होती, गाठ शोधून सापडत नव्हती. बाईंनी शिकवलेली दुसरी युक्तीही त्यांनी लावून पाहिली. तुम्ही माझ्या हातावर जरा रेटा द्या, द्या, आता एकदम सोडा, असं करून सैल पडलेल्या क्षणी हात थोडा पुढे न्यायचा. सगळं यथासांग. तरी हात पहिल्या दिवशी जिथे अडत होता तिथेच अडायचा. आणि इकडे सत्र संपत आलं.

अशात एका दुपारी मालिश चालू असताना सासूबाईंचा डोळा लागला. त्या खुर्चीच्या पाठीवर गाल ठेवून चक्क घोरू लागल्या. काकांनी सवयीने त्यांचा हात कोपरातून धरला आणि बाजूने हळूच उचलला. हात खांद्याच्या रेषेला आला. काका थांबले. हात अडला नाही. त्यांनी आणखी उचलला, तो आणखी गेला, अगदी कानाला लागला. तेवढ्यात सासूबाई जाग्या झाल्या, आणि जाग्या होताच सगळा खांदा पुन्हा कडक होऊन हात खाली आला.

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे ही म्हातारी इतके दिवस ढोंग करत होती! इथे नोकरी टांगणीला लागली आहे आणि ही मजा बघते आहे. बायको कामावरून आल्यावर त्यांनी तिला तसं बोलून दाखवलं. बायको म्हणाली, माझी आई ढोंगी नाही, तुमचाच हात जड.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर काका मागे थांबले. बाई टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. काकांनी सगळी तक्रार मांडली. बाई म्हणाल्या, ढोंग कशाला म्हणता, झोपेत माणसाचा राखणदारही झोपतो. जागेपणी शरीर स्वतःला सांभाळतं, कशाची तरी भीती असली की स्नायू धरून ठेवतो, आणि त्या माणसाला ते माहीतही नसतं. पुन्हा पडायची भीती असेल, असं काका म्हणाले. असेलही, बाई म्हणाल्या. मग त्यांनी सहज विचारलं, "हात बरा झाल्यावर त्यांचं काय ठरलंय?"

"त्यांच्या घरी जाणार," काका हुरुपाने म्हणाले. "मी रोज सांगतो ना त्यांना तसं."

"कोण कोण असतं तिथे?"

"कोणी नाही," काका म्हणाले.

बाईंनी पुढचा टॉवेल घेतला. काका तिथेच उभे राहिले. आपल्या तोंडून काय गेलं ते त्यांना तेव्हा नीट ऐकू आलं. मग ते बाहेर पडले, बसथांब्यावर बसले आणि समोरून दोन बस गेल्या तरी उठले नाहीत. ज्या घरात दिवसभर बोलायला कुणी नाही, पडलं तर उचलायला कुणी नाही, त्या घरी जायचं बक्षीस आपण सासूबाईंना रोज दाखवत होतो. हाताने गाठ सोडवत होतो आणि तोंडाने तीच पुन्हा आवळत होतो. आणि त्या तरी काय म्हणणार? मला एकटीला भीती वाटते, मला ठेवून घ्या, असं लेकीच्या दारात? त्यापेक्षा त्या जीभ चावून घेतील. खाटेच्या लोभाने आपण आंधळे झालो, हे काकांनी त्या बाकावर स्वतःपाशी कबूल केलं. आणखी एक गोष्ट त्यांना कळली आणि तिचं त्यांना नवल वाटलं. सासूबाई गेल्या तर घरी येऊन करायचं काय, हा प्रश्न त्यांना नोकरीपेक्षा मोठा वाटू लागला होता.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, आई इथेच राहिल्या तर? बायको पाठमोरी होती. ती बराच वेळ एकच ताट पुसत राहिली. मग म्हणाली की तिला तेच हवं होतं, पण तुम्हाला खाट परत हवी आहे हे दिसत होतं, आणि आई तर रोज घरी जायचं म्हणते, मग मी मूग गिळून बसले. तिघं जण एका घरात, तिघांच्या मनात एकच, आणि तिघं तीन तोंडांनी भलतंच बोलत होते. काका म्हणाले, खाट गेली खड्ड्यात. बायकोने ताट ठेवलं आणि पदराने डोळे पुसले.

पण वेळ निघून गेली होती. काका आतल्या खोलीत गेले तर खाटेवर पिशवी उघडी पडली होती आणि सासूबाई डाव्या हाताने लुगडी भरत होत्या. मेहुण्याचा फोन येऊन गेला होता. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन येणार होता. सासूबाईंनीच त्याला बोलावलं होतं. हात असा असला काय नि तसा असला काय, लेकीच्या घरी किती राहायचं, असं त्यांचं म्हणणं.

काकांनी सांगितलं, आई, जाऊ नका, इथेच राहा.

सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "परीक्षा उद्यावर आली म्हणून गोड बोलताय, बापू. मला काय कळत नाही? गरज सरो वैद्य मरो. पास झालात की तुम्हीच माझी पिशवी उचलून गाडीत ठेवाल."

आता काहीही बोललं तरी ते परीक्षेसाठीच ठरणार होतं. शपथ घेतली असती तर आणखीच संशय आला असता. बायकोने येऊन तेच सांगितलं तर तिला ऐकावं लागलं की तू नवऱ्याचीच री ओढणार. पालथ्या घड्यावर पाणी. काका बाहेर जाऊन जमिनीवर आडवे झाले. रोज जे वाक्य आपण इतक्या हौसेने म्हणालो, त्याची किंमत चुकती करायची पाळी आता नेमक्या वेळी आली होती.

परीक्षेला सासूबाई मात्र आल्या. शब्द दिला म्हणजे दिला, असल्या त्या. वर्गात कापडी पडदे लावून खुर्च्या आणि पलंग मांडले होते. भिंतीवर अर्धं वर्तुळ रंगवलेलं होतं आणि त्यावर अंशांचे आकडे. परीक्षक चष्मा नाकाच्या टोकावर ठेवणारे एक वाळके गृहस्थ होते. ते प्रत्येकाशेजारी उभे राहून बघायचे आणि कागदावर काहीतरी टिपायचे. बाई कोपऱ्यात हाताची घडी घालून होत्या.

काकांनी तळवे चोळले. त्या दिवशी त्यांनी जशी मालिश केली तशी आजवर केली नव्हती. फावड्यासारखा तो पंजा इतका हलका पडत होता की शेजारच्या खुर्चीवरची मुलगी आपलं काम सोडून बघू लागली. लांब हात फिरवून ऊब आणली, फऱ्यावर अंगठा टेकवला आणि थांबले. घाई केली नाही. परीक्षकांनी विचारलं की तुम्ही आता कशाची वाट बघताय, तर काका म्हणाले, ह्यांची. परीक्षकांनी मान डोलावली.

मग मोजमाप. सासूबाई भिंतीजवळ उभ्या राहिल्या आणि हात उचलू लागल्या. त्या मनापासून जोर लावत होत्या. काकांना त्यांच्या मानेची शीर दिसत होती, ओठ घट्ट मिटलेले दिसत होते, त्यात ढोंग कुठेच नव्हतं. हात वर आला, आला, आणि खांद्याच्या अलीकडे अडला. नेमका पहिल्या दिवशीच्या आकड्यावर. सासूबाईंनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तिथेच.

परीक्षकांनी आकडा लिहिला, खाली सही केली. म्हणाले, हात चांगला बसलाय तुमचा, पण फरक काही नाही. नियम नियम आहे. पुढच्या सत्राला पुन्हा बसा. आणि ते पुढच्या पडद्याकडे वळले.

काका उभे होते तसेच राहिले. सासूबाई खुर्चीत येऊन बसल्या, त्यांची मान खाली होती. आपल्यामुळे झालं हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना ते लागलं होतं. काकांना रडू येत होतं. बायकोला काय सांगायचं? पण खांद्यावरचं तेल पुसून देणं हेही शिकवलेलं होतं, त्याला गुण नसले म्हणून काय झालं. त्यांनी गरम पाण्यातून टॉवेल पिळला आणि सासूबाईंच्या खांद्यावर ठेवला. टॉवेलवर तळवा ठेवताच त्यांच्या लक्षात आलं, की आता आपण मोकळे आहोत.

"आई, परीक्षा संपली," ते म्हणाले. "नापास झालो मी. आता मला तुमच्याकडून काही नको आहे, आता तरी माझं बोलणं खरं माना. उद्या जाऊ नका. हात बरा झाला तरी राहा, असाच राहिला तरी राहा. रोज तुम्हाला घरी पाठवायची भाषा केली, ती माझी चूक झाली. संध्याकाळी तुम्ही तिथे बसलेल्या नसाल, तर मला घरी यावंसंच वाटणार नाही."

काका पुसत राहिले. पलीकडे परीक्षक कुणालातरी मणक्यांची नावं विचारत होते.

"आणि खाट?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"तुमची."

"जावयाला जमिनीवर झोपवून मी खाटेवर. लोक काय म्हणतील?"

"दुसरी आणू. मांडता-काढता येईल अशी. नाहीतर लोकांनाच मालिशला बोलावू, पुन्हा काही म्हणायचे नाहीत."

सासूबाईंच्या नाकातून हसू फुटलं आणि पाठोपाठ हुंदका आला. टॉवेलवर ठेवलेल्या काकांच्या तळव्याला ते आधी जाणवलं. फऱ्याच्या कडेपासून मानेपर्यंत सगळं एका दमात खाली बसलं. गाढ झोपेत बसलं होतं तसंच, पण आता त्या टक्क जाग्या होत्या. काकांनी नुसता हात ठेवला आणि थांबले.

"पुसून झालं असेल तर सोडा खांदा," सासूबाई म्हणाल्या.

काकांनी टॉवेल काढला. सासूबाई उठल्या, भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि कुणी सांगितलेलं नसताना हात उचलू लागल्या. तो खांद्याच्या रेषेला आला. तिथे किंचित अडखळला. मग रेष ओलांडून वर गेला, कानाच्या वर, अर्ध्या वर्तुळाच्या पार शेंड्यापर्यंत. सासूबाई स्वतःच वर बघत राहिल्या, हा कुणाचा हात म्हणून. कोपऱ्यातल्या बाईंनी हाताची घडी सोडली. काका मात्र ओला टॉवेल हातात घेऊन रिकाम्या खुर्चीत बसले.

"अहो साहेब," सासूबाईंनी हाक मारली. "इकडे या. आकडा चुकलाय तुमचा."

परीक्षक आले. त्यांनी चष्मा वर सरकवला, भिंतीवरचा आकडा वाचला, सासूबाईंना वाचलं, काकांना वाचलं. कागदावर खाडाखोड चालत नाही, असं ते पुटपुटले. बाई म्हणाल्या, कोरा कागद आहे माझ्याकडे. परीक्षकांनी बाईंकडे पाहिलं, मग त्या अजून वरच राहिलेल्या हाताकडे पाहिलं, आणि नवा कागद घेऊन त्यावर नवा आकडा लिहिला. सही करून झाल्यावर ते म्हणाले, झालं आजी, आता हात खाली घ्या.

"थांबा. अजून एक लिहायचं राहिलं," सासूबाई म्हणाल्या. "मी उद्या घरी जाणार नाही, ते लिहा. जावयाने आत्ता तोंडाने कबूल केलंय. तोंडाचं काय, उद्या फिरेल. कागदावर पाहिजे."

परीक्षक म्हणाले, आजी, हा खांद्याचा कागद आहे, त्यावर असलं लिहायला रकाना नाही.

"मागची बाजू कोरी आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि हात तसाच वर धरून ते लिहायला घेतात की नाही ते बघत राहिल्या.